हिरव्या पिशव्या, पिवळ्या पिशव्या

आधीच सांगून टाकते, पहिली पिशवी मी बांधली. फेब्रुवारीची सात तारीख होती, नुकतं उजाडत होतं, आणि माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर, माझ्या सहीच्या वर, ठसठशीत अक्षरात छापलेलं होतं: निरीक्षकाने गरुडांना काहीही खायला घालू नये, घातल्यास वही परत घेतली जाईल. आठ वर्षांपूर्वी सही करताना मला ते मनापासून पटलं होतं. तेव्हा माझं घरटं भरलेलं होतं.

मी व्हर्ली पिंकम, वय एकाहत्तर. हॅलक बेटावर बारमाही राहणारी आम्ही अकरा माणसं उरलोय. शेवंडांच्या पिंजऱ्यात आमिष ठेवायला जाळीच्या पिशव्या लागतात, त्या मी विणते. आमच्याकडे ज्याच्या त्याच्या बोयांना, म्हणजे पिंजऱ्यावर तरंगणाऱ्या खुणांना, ज्याचा त्याचा रंग असतो, आणि मी पिशव्यासुद्धा त्याच रंगाच्या दोऱ्यात विणून देते, म्हणजे धक्क्यावर भांडणं कमी होतात. माझ्या नवऱ्याचा, वेंडेलचा रंग हिरवा. समोरच्या ओट बेटावरच्या आन्सेल डायरचा पिवळा, डोळ्यांत खुपणारा. माणूसही तसाच आहे.

वेंडेल गेला त्याच्या पुढच्या वसंतात सरकारी पक्षी खात्याकडून कॉरिन थिबोडो नावाची एक नवी मुलगी आली. हॅलकच्या टोकावरच्या पाइनवर पांढऱ्या डोक्याच्या गरुडांचं घरटं आहे, ते रोज दुर्बिणीतून बघून वहीत लिहायला कुणीतरी हवं, असं म्हणाली. मी हो म्हटलं. त्या दिवसांत मला सकाळी उठायला काही कारणच उरलेलं नव्हतं. वही आली आणि मी पाच वाजता उठायला लागले. दुर्बीण, थर्मास, खडकावर उशी, आणि समोर एथेल. एथेल म्हणजे मादी. नराला मी नाव ठेवलेलं नाही, तो एथेलचा नवरा.

आता गंमत अशी, की गरुडाच्या एका जोडीची दोन घरटी असू शकतात. एथेलचं दुसरं घरटं ओटवर, मध्ये अर्ध्या मैलाची खाडी. मी वही घेतली हे कळल्यावर आठच दिवसांत आन्सेलनेही ओटवरच्या घरट्यासाठी वही मागून घेतली. तोवर त्या माणसाने गरुडाकडे मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. पण माझ्याकडे जे असेल ते त्याला हवंच. कधी पाना मागायला येतो, कधी चहाची गाळणी. एकदा तर शेवंड मोजायचं माप मागायला आला. पन्नास वर्षं शेवंडं धरणारा माणूस, आणि माप नाही! स्वतःचं असं काही घरात ठेवतच नाही मेला.

एथेल कधी माझ्याकडे अंडी घालायची, कधी त्याच्याकडे. पण गेली दोन वर्षं सलग ती ओटला जाऊन बसली. आणि नियम असा, की तीन वर्षं रिकामं राहिलं तर घरटं यादीतून काढतात.

जानेवारीत चर्चच्या तळघरात शनिवारचं बीन्सचं जेवण होतं. आन्सेल ताट घेऊन नेमका माझ्यासमोर येऊन बसला.

"काय बये, यंदा एथेलला तुझ्याकडे पाठवू का?" तो म्हणाला. "विचारून बघतो. पण तिला आमच्याकडचं पाणी मानवलंय."

"पाणी नाही, तुझं तोंड बघून तिला अंडी लवकर होतात. भीतीने."

सगळं टेबल हसलं, तोही हसला. मग केक खाता खाता त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि यंदाही नाही आली, तर?"

"तर वही जाईल."

"कायमची?"

"मग काय उसनी? यादीतून घरटं गेलं की वही गेली. खूश?"

त्याने उचललेला घास परत बशीत ठेवला. मला वाटलं, आनंदाने पोट भरलं असेल. त्या रात्री मला झोप लागली नाही. वही गेली तर मी सकाळी करणार काय? कुणासाठी उठणार? मला भीती वाटली, खरोखरची.

म्हणून सात फेब्रुवारी.

बेत साधा होता. पिंपात खारवलेली हेरिंग मासळी होतीच. ती पिशवीत भरून घरट्याखालच्या खडकातल्या लोखंडी कडीला बांधायची, म्हणजे लाटेने जाणार नाही आणि कुरव पक्ष्यांना एकदम पळवता येणार नाही. गरुडाची चोच मात्र जाळी फाडते. फुकटचं जेवण कुठे मिळतं ते गरुडाला एकदा कळलं, की तो शेजारीच बिऱ्हाड करतो.

प्रश्न उरला पिशवीच्या रंगाचा. मी त्या वेळी आन्सेलच्याच दोनशे पिशव्या विणत होते. पिवळ्याधमक. कुणी पाहिलंच तर काय म्हणेल? आन्सेलची पिशवी. मला हे सुचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले. नियम मी मोडणार आणि नाव त्याचं, यापेक्षा स्वस्त करमणूक हिवाळ्यात मिळत नाही. दोनशेऐवजी दोनशे बारा विणल्या, झालं.

वहीत मात्र मी एक अक्षर लिहिलं नाही. "७ फेब्रुवारी. ढगाळ. जोडी दिसली. शेरा: नाही." देव बघतोय हे मला माहीत होतं, पण देव पक्षी खात्यात नाही.

मार्चच्या वीस तारखेला एथेल माझ्या घरट्यात बसली. अंग चपटं करून, फक्त पांढरं डोकं वर. अंड्यांवर बसलेली मादी अशीच दिसते. मी खडकावर उभी राहून नाचले, एकाहत्तराव्या वर्षी, बर्फावर. मग बेटाबेटांत बोलायचा रेडिओ लावला.

"ओट, ओट, मी हॅलक. आन्सेल, ऐकतोयस का? तुझ्याकडचं पाणी बाधलं बरं का तिला!"

"अभिनंदन, व्हर्ली," तो रेडिओवर म्हणाला. नुसतं एवढंच. टोमणा नाही, काही नाही. मला जरा चुकल्यासारखं वाटलं. भांडायला आलेल्याला समोरच्याने खुर्ची द्यावी, तसं.

एप्रिलच्या शेवटी दोन पिल्लं झाली. करडी, मळक्या कापसासारखी. आणि मेच्या अखेरीस एक दिवस दुर्बिणीतून बघते तर घरट्याच्या काठावरून काहीतरी पिवळं लोंबत होतं.

माझीच पिशवी. एथेल पिशवी फाडून मासे खाईल हे मी धरलं होतं. अख्खी पिशवी उचलून घरी नेईल, हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि जूनमध्ये कॉरिन झाडावर चढते. पिल्लांच्या पायात नंबराचे वाळे घालते, वर घरट्यातलं सगळं उष्टं-खरकटं पोत्यात भरून आणते, पक्ष्यांनी काय काय खाल्लं ते मोजायला.

मी तिला फोन केला.

"कॉरिन, यंदा नको चढूस बाई. पाइन आतून पोखरलाय."

"मार्चमध्ये तपासलाय मी तो, व्हर्लीबाई. ठणठणीत आहे."

"गोचिड्या फार झाल्यात."

"दरवर्षी असतात."

"मला स्वप्न पडलं, तू पडलीस."

"मी पडले, की मी पडावं असं तुम्हाला वाटतंय?" ती हसली. "बारा तारखेला येते. आन्सेल त्यांच्या बोटीने आणणार आहेत."

म्हणजे आन्सेलही तिथेच! पिवळ्या पिशव्या निघणार, आणि तो म्हणणार, या तर व्हर्लीने नुकत्याच विणलेल्या, अजून पाण्याला लागल्याही नव्हत्या. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायला गेले, आणि खांदाच उठून माझ्या दारात येत होता.

बारा तारखेला ऊन स्वच्छ होतं. कॉरिन दोरावरून झपझप वर गेली. पस्तिशीची बाई, पण खारीसारखी चढते. एथेल आणि एथेलचा नवरा वरून घिरट्या घालत ओरडत होते. एवढा मोठा पक्षी, पण आवाज गंजलेल्या बिजागरीचा. खाली मी आणि आन्सेल, तोंडं दोन दिशांना.

"पोतं खाली सोडतेय!" कॉरिन वरून ओरडली. "उघडून पसरून ठेवा. काही टाकू नका हं!"

पोतं आलं. आम्ही दोघांनी एकदमच हात घातला. माशांची डोकी, पाणकावळ्याचा पाय, कुणाची तरी अर्धी टोपी. मग पिवळी पिशवी. एक, दोन, पाच. मी तयारच होते, म्हणून चेहरा कोरा ठेवला. पण त्यांच्या खाली आणखी पिशव्या होत्या, आणि त्या हिरव्या होत्या.

चार हिरव्या पिशव्या. मी एक उचलली. माझंच विणकाम, दहा-बारा वर्षांपूर्वीचं. तळाला वेंडेलने स्वतः दुरुस्त केलेली गाठ, त्याच्या जाड बोटांची, वेडीवाकडी. ती गाठ मी अंधारातसुद्धा ओळखली असती. वेंडेल गेल्यावर त्याचे पिंजरे, बोये, पिशव्या, सगळं मी आन्सेललाच देऊन टाकलं होतं.

"या कुठून आल्या?" मी विचारलं.

"आणि या कुठून आल्या?" पिवळी नाचवत तो म्हणाला.

"समुद्र आहे. वाहून येतं काहीबाही."

"आतल्या मिठासकट?"

खाई त्याला खवखवे. वरून कॉरिनचा आवाज आला, "झालं, उतरते आता!" आणि मग आम्ही दोघांनी जे केलं ते शाळेतल्या पोरांनीही केलं नसतं. मी हिरव्या पिशव्या स्वेटरखाली कोंबल्या, कारण हिरवा रंग म्हणजे पिंकम. त्याने पिवळ्या रबरी बुटांत कोंबल्या. एवढी एकजूट आमची पन्नास वर्षांत झाली नव्हती.

कॉरिन उतरली, दोर सोडला, पसाऱ्याकडे पाहिलं.

"नऊ पिशव्या होत्या यात."

"असं?" मी म्हटलं.

"मोजून टाकल्या मी. आन्सेल, तुमच्या बुटातून पिवळी दोरी लोंबतेय. आणि व्हर्लीबाई, सकाळी तुमचं पोट एवढं नव्हतं."

काढल्या. काय करणार? कॉरिनने एक नाकाशी नेली.

"खारवलेली हेरिंग," ती म्हणाली. "गरुड मासे खारवायला कधीपासून लागले?" कुणी हसलं नाही. तीही हसत नव्हती. "पिवळा रंग आन्सेलचा, हिरवा तुमचा. सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. पहिल्या पानावर काय लिहिलंय तेही दोघांना माहीत आहे."

मला सुटका दिसत होती. हिरव्या पिशव्या जुन्या, कुठूनही वाहून आल्या असत्या, आणि त्या माझ्या नव्हत्याच. पिवळ्या आन्सेलवर जाणार होत्या. मी फक्त गप्प बसायचं होतं. पण तो आपला बुटांकडे बघत उभा होता. "माझ्या नव्हेत" एवढंही म्हणेना. वर्षभर नाकाने कांदे सोलणारा माणूस, आणि असा मान खाली घालून! मला ते बघवेना.

"पिवळ्या मी बांधल्या," मी म्हटलं. "फेब्रुवारीपासून. त्याचं नाव पुढे व्हावं म्हणून त्याच्या रंगाच्या."

आन्सेलने मान वर केली. "सटवी," तो म्हणाला, पण आवाजात राग नव्हता. मग कॉरिनकडे वळला. "हिरव्या मी बांधल्या."

"तू?" मी ओरडले. "दोन वर्षं एथेल तुझ्याकडे होती, ते पुरलं नाही? वेंडेलच्या पिशव्यांनी तिला ओटवर ओढतोस? तेही माझी वही जाणार हे माहीत असताना?"

"तुला जे समजायचं ते समज," तो म्हणाला, आणि बोटीकडे चालू लागला.

आम्हीही मागोमाग जाऊन बोटीत बसलो, आणि कॉरिनने दोघांच्या वह्या मागितल्या. मी माझी काढून दिली. आन्सेल म्हणाला, "माझी घरी राहिली." पण ती सुकाणूशेजारी, त्याच्या दुर्बिणीखालीच होती. कॉरिनने उचलली. तो एकदम म्हणाला, "अगं, वाचू नकोस," आणि त्याचे कान लाल झाले.

ती वाचत राहिली. एक पान, दुसरं, मग भराभर मागची. मग माझी उघडली, आणि तिथे तिला दोनदा खोकला आला. खोकला नव्हता तो. शेवटी तिने दोन्ही वह्या मिटल्या.

"नियमाप्रमाणे वह्या काढून घेतल्या," ती म्हणाली. "वरिष्ठांना मी सगळं लिहिणार आहे, हेरिंगसकट. आता मला दोन्ही घरट्यांना निरीक्षक हवेत, आणि या खाडीत तुमच्याशिवाय पाचला उठणारं कुणी नाही. म्हणून माझी शिफारस अशी." आणि तिने आन्सेलची वही माझ्या मांडीवर ठेवली, माझी त्याच्या हातात दिली. "आजपासून ओटवरचं घरटं तुम्ही बघायचं, व्हर्लीबाई. हॅलकचं आन्सेल बघतील. आपापल्या खडकावर बसून. दुसऱ्याच्या घरट्याला कुणी जेवण घालत नाही. आणि पुढच्या वर्षी मिठाचा एक कण जरी सापडला, तर दोघांना कुरव मोजायला बसवीन."

"माझी वही तो वाचणार?" मी म्हटलं.

"जुन्या नोंदी वाचल्याशिवाय निरीक्षण होत नाही," कॉरिन म्हणाली. तिचा चेहरा अगदी सरळ होता. फार पोचलेली बाई आहे.

माझ्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात काय काय होतं ते मला तोंडपाठ होतं. "ओटवरचा टोपीवाला आज पुन्हा हजर. पाना मागितला." "टोपीवाला गाळणी परत द्यायला आला, तीन तास बसला." "टोपीवाल्याला लाल टोपी शोभत नाही, कोंबड्यासारखा दिसतो." आठ वर्षांच्या नोंदी, तारीखवार.

संध्याकाळी जेवणाआधी मी त्याची वही उघडली. उघडताना मनात रागच होता. पहिलं पान, आठ वर्षांपूर्वीचं. मोठं, गिचमिड अक्षर. "घरटं रिकामं. शेरा: हॅलकवर धूर आहे."

दुसऱ्या दिवशी, "धूर आहे." तिसऱ्या दिवशी, "धूर आहे." मला काही कळेना. आमच्या बाजूला धूर म्हणजे माझ्याच चुलीचा, त्या टोकाला दुसरं घर नाही. पानंच्या पानं. गरुडांबद्दल एक ओळ, आणि रोज तो धूर. "धूर उशिरा, सहा वाजून चाळीस. आहे." "धुकं, दिसत नाही. रेडिओवर हवामान विचारलं. बोलली." आणि एका नोव्हेंबरात, "धूर नाही. गेलो. चिमणी साफ करत होती. शेवंड मोजायचं माप मागायला आलो असं सांगितलं."

मी उठून खोलीत एक फेरी मारली आणि परत बसले. या वर्षीचा फेब्रुवारी काढला.

"९ फेब्रुवारी. व्हर्लीच्या दक्षिणेकडच्या खडकावर दोन पिशव्या. तिथे ती बर्फात येत नाही. वेंडेलच्या घेतल्या, सापडल्या तरी तिला जुन्याच वाटतील. एथेल हॅलकला गेली पाहिजे. नियम मोडला. वही जायचीच तर माझी जावो. धूर आहे."

मला रडू आलं. आणि रडता रडता रागही आला, की हा बाबा गुन्हासुद्धा वहीत नोंदवून ठेवतो, आणि मी इथे "शेरा: नाही"! वरून आत्ता, ह्याच घटकेला, तो तिकडे दिव्याखाली बसून कोंबड्याची नोंद वाचत असणार. एवढी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

रात्रभर विचार केला. जाऊन बोलावं? काय बोलणार? पन्नास वर्षांत टोमण्याशिवाय त्याच्याशी बोलायची सवय नाही. माफी मागितली तर त्याला वाटेल मी आजारी आहे.

सकाळी पाचला उठले. आकाश लख्ख होतं, वारा नाही. कपडे केले, केस नीट विंचरले. चुलीत लाकडं रचली, काडेपेटी हातात घेतली, आणि परत फळीवर ठेवून दिली. मग बाहेर येऊन पायरीवर बसले, मांडीवर त्याची वही. घरात गारठा होता आणि मला कॉफी हवी होती, पण काही गोष्टींसाठी माणसाने सोसावं.

सहाला दहा कमी असताना ओटच्या बाजूला बोटीचं इंजिन सुरू झालं. इतक्या जोरात, की एथेल घरट्यातून उठली. बोट खाडी कापत सरळ आली, धक्क्याला धाडकन आपटली, आणि आन्सेल चढावरून धावत आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, शर्टाची बटणं एकाआड एक, एकाच पायात मोजा, आणि डोक्यावर टोपी नाही.

मला बघून तो जागीच थांबला. कंबरेवर हात ठेवून श्वास घेत राहिला. मी वही उघडली, पेन्सिल काढली आणि लिहिलं: "ओटवरचं घरटं रिकामं. शेरा: धूर नाही. बारा मिनिटांत आला."

"काय मागायला आलास?" मी विचारलं.

त्याने तोंड उघडलं. पाना, गाळणी, माप, काहीच आठवेना त्याला.

"काडेपेटी आतल्या फळीवर आहे," मी म्हटलं. "चूल तूच पेटव. आणि कॉफी दोन कप कर."